खाल्लंन् माझ्याकडे, निजली तुझ्याकडे

"अगो मंदा, काल रात्री तुमच्याकडे बोंब कसली झाली? मला वाटलं, चोर शिरला."

"चोर कुठला, काकू! न्हाणीमागच्या लिंबावर सापाचं तोंड दिसलं. ह्यांनी काठी उचलली, मी किंचाळले. बॅटरी मारली तर पतंग! वीतभराहून रुंद, विटकरी रंगाचा, आणि दोन्ही पंखांच्या टोकाला सापाचं डोकं, डोळ्यासकट."

"ॲटलस तो. बाळ्याने दाखवलान् होता मला. पंख पसरले की 10 इंच भरतो. डिवचलात तर खाली पडून पंख असे संथ हलवील, की सापच वळवळतोय वाटावं. नुसतं सोंग हो!"

"मी बशीत साखरेचं पाणी ठेवलं, तर धाकटा हसायला लागला. त्याला खायला तोंडच नाही म्हणे."

"नाहीच. जन्माचं खाणं अळी असतानाच उरकून घेतात. गेल्या महिन्यात माझी दालचिनी बोडकी झाली, आठवतं? मी उगाच तुमच्या शेळीच्या नावाने..."

"उगाच? चांगलं चारचौघांत बोललात!"

"राहू दे गो. बोटाहून जाड अळी होती, पिठात लोळल्यासारखी पांढुरकी. काडी लावली तर घाण वासाचं पाणी उडवलंन् मेलीने. दुसऱ्या दिवशी गायब."

"आमच्या लिंबाला पानात गुंडाळलेला कोष लोंबतोय तो तिचाच तर! आता फुटलाय. ही शेजारीच बसलीय, हलायला तयार नाही."

"बघ, खाल्लंन् माझ्याकडे, निजली तुझ्याकडे! हलायची नाही ती, मादी आहे. बसल्या जागी वास सोडते, नर येतात शोधत."

"आलाय की पहाटे! हिच्याहून लहान, मिशा मात्र फणीसारख्या रुंद."

"त्या मिशांनीच वास टिपतो, किलोमीटरभर लांबून. आणि आम्ही भाच्याची पत्रिका पाच वर्षं फिरवतोय."

"भाच्याच्याही मिशा बघा एकदा."

"हस तू! ह्यांचा संसार जेमतेम आठवड्या-दीड आठवड्याचा. अंगातली चरबी संपली की गेले. त्याआधी ही अंडी घालील, दोनेक आठवड्यांत पिल्लं फुटतील."

"माझ्या लिंबावर?"

"असू दे, ह्या खेपेला तुझ्याकडे जेवतील. आणि रात्री तो मागचा दिवा मालवत जा, उगाच भोवती गरगरून मरतात बिचारे."

"मालवीन. आधी शेळीचं नाव मागे घ्या. तेही चारचौघांत!"