डाएटवहिनींचे कागद

डाएटवहिनी तुमच्याही सोसायटीत असणारच. लग्नाच्या पंगतीत तुमचा हात दुसऱ्या जिलबीकडे गेला की समोरच्या रांगेतून ज्या नुसत्या बघतात, त्या. बोलत काही नाहीत. बोलल्या असत्या तर जिलबी तरी गोड लागली असती. आमच्या डाएटवहिनी पहिल्या मजल्यावर राहतात, त्यामुळे जिना चढणाऱ्या प्रत्येकाची पिशवी त्यांच्या दारावरूनच वर जाते. लिफ्ट आहे, पण लिफ्टने गेलं की संध्याकाळी विचारणा होते, "गुडघे बरे आहेत ना?" त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. पुण्यात त्यांचे पेशंट पुष्कळ आहेत आणि पुढचं वाचून त्यातले निम्मे बिथरतील.

कारण बाई कपकेक खातात.

आणि लपूनछपून नाही, याचाच मला जास्त राग आहे. रविवारी सकाळी पर्स, पाण्याची बाटली आणि एक चपटी वही घेऊन त्या निघतात, ते थेट बेकऱ्या पालथ्या घालायला. कॅम्पातल्या इराण्यांपासून बाणेरच्या काचेच्या दुकानांपर्यंत त्यांना काही वर्ज्य नाही. सोबत कुणीतरी लागतं, कारण "चार प्रकार एकट्याने चाखता येत नाहीत हो." हा कुणीतरी बहुतेक वेळा मी असतो. मी त्यांचा पेशंटही आहे. माझा एचबीएवनसी ६.१ आहे. ५.७ ते ६.४ हा डायबेटिसचा उंबरठा, असं त्या म्हणतात, आणि मी त्या उंबरठ्यावर नीट पाट मांडून बसलोय, असंही म्हणतात. त्यामुळे प्रत्येक केकमधला माझा वाटा पाव. बिल मात्र पूर्ण.

आता कागदाकडे येतो. कपकेक हातात आला की आपण काय करतो? वरचं क्रीम चाटतो. वहिनी त्या क्रीमकडे, त्यावर टोचलेल्या रुपेरी गोळ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्या आधी कागद सोडवतात. घाई न करता, चुणी चुणी उलगडत. मग तळहातावर सपाट करून, डॉक्टर एक्स-रे बघतो तसा उजेडाकडे धरतात. शेंगदाणा कागदावर चोळून तेलाचा डाग पाडायचा प्रयोग शाळेत आपण सगळ्यांनीच केला. आपण तो शाळेतच सोडला, वहिनींनी सोडला नाही. डाग तळाला किती, कडेला किती, एकसारखा की ठिपक्याठिपक्यांचा, हे सगळं भर दुकानात चालतं. मागे रांग खोळंबलेली असते आणि काउंटरवरचा पोरगा ही बाई महापालिकेची की काय, या धास्तीने टोपी सरळ करत असतो.

केक कागदाला चिकटून फाटत आला तर निकाल लागतो, "लोण्यात हात आखडलाय." हे खरं आहे. केकमध्ये स्निग्ध कमी असलं की तो कागद सोडत नाही. एका बेकरीवाल्याला बाजूला घेऊन मी खात्री करून घेतली. अलगद सुटला तर निकाल राखून ठेवतात, कारण स्निग्ध आहे एवढंच कागद सांगतो, कुठलं आहे ते सांगत नाही. ते काम टाळूचं. लोणी तीस-पस्तीस अंशांच्या घरात वितळतं, म्हणजे तोंडात गेलं की गेलं. डालड्याच्या जातीचे बेकरीतले बरेच प्रकार तेवढ्याने ऐकत नाहीत, ते टाळूला मेणचट थर देऊन बसून राहतात. असा थर लागला की वहिनी डोळे मिटून म्हणतात, "दोन टक्के." म्हणजे ट्रान्स फॅट. तेला-तुपातली त्याची मर्यादा पाच टक्क्यांवरून २०२१ मध्ये तीनवर आणि २०२२ मध्ये दोनवर आणली गेली, तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले होते. मला पाव पेढा मिळाला.

मग शेरा. तो त्याच कागदावर लिहायचा असतो. पण तुपकट कागदावर बॉलपेन चालत नाही, म्हणून लिहायचं ते कोरड्या कडेवर. साहजिकच सुमार केकवर निबंध असतात आणि केक जितका उत्तम, तितका शेरा त्रोटक. फार थोर केकच्या कागदावर एखादा शब्दच मावतो. हे कागद त्या फेकत नाहीत. वही भरली की हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पुस्तकात ठेवतात. भारतीय अन्नपदार्थांत काय काय असतं याचे तक्ते असलेलं ते पुस्तक, ज्यावर त्यांच्या पिढीचे सगळे आहारतज्ज्ञ पोसले. त्यातला पालेभाज्यांचा तक्ता आता पारदर्शक झाला आहे. मेथीतलं लोह वाचायला गेलं की पलीकडच्या पानावरची गाजरं दिसतात.

या सवयीने एकदा घात केला. एका पेशंटच्या डाएट चार्टला चुकून एक कागद चिकटून गेला. त्याच्या कडेवर लिहिलं होतं, "सकाळी लवकर. गरम असतानाच. दोन." पेशंट आज्ञाधारक. महिनाभर त्याने रोज सकाळी लवकर उठून, चालत बेकरी गाठून, गरम मावा केक खाल्ले. दोन. महिन्याने वजन भरलं तर दीड किलो कमी! चौकशीअंती कळलं, की आधी हा गृहस्थ रोज सकाळी स्कूटरवरून जाऊन मिसळ, वर दोन वडे आणि जादा पाव हाणत असे. वहिनींनी त्याला काही सांगितलं नाही. चार्टमध्ये 'दोन'चा 'एक' केला, इतकंच.

न्यू जर्सीत त्यांची भाची असते. तिच्याकडे गेल्या तेव्हा लोक स्वातंत्र्यदेवी बघतात, या मॅनहॅटनमध्ये ब्लीकर स्ट्रीटवर मॅग्नोलिया बेकरी बघून आल्या. १९९६ साली उघडलेलं ते एक कोपऱ्यावरचं दुकान. २००० साली एका टीव्ही मालिकेतल्या बायकांनी त्याच्यासमोर बसून कपकेक खाल्ला आणि तेव्हापासून जगाला कपकेकचं वेड लागलं. वहिनींनी तिथेही कागद उजेडाकडे धरला. भाची म्हणाली, "मावशी, लोक बघतायत." मावशी म्हणाल्या, "बघू देत, शिकतील." परत आल्यावर आम्हाला व्याख्यान मिळालं. अमेरिकी पद्धतीच्या बटरक्रीममध्ये वजनाने लोण्याच्या दुप्पट पिठीसाखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे केकला हात लावायच्या आधी, नुसत्या वरच्या तुऱ्यातच दिवस संपला. "मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "दिवस संपवला," त्या म्हणाल्या.

पण त्यांचं खरं दैवत मावा केक. मुंबईला ग्रँट रोड स्टेशनसमोर बी. मेरवान, १९१४ सालचं. मावा, लोणी, अंडी, वेलदोडा. वर क्रीम नाही, रुपेरी गोळी नाही, भाचीच्या अमेरिकेचा जन्मही झाला नसेल असा त्यांचा आविर्भाव. (अमेरिकेत छोट्या कपांत केक भाजायची कृती १७९६ च्या पुस्तकात छापलेली आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. वजन करायचा दिवस होता.) तिथला मावा केक सकाळीच संपायचा. पुण्याहून डेक्कन क्वीनने निघालं तर पोचेपर्यंत रिकामे ट्रे बघायची पाळी. म्हणून २०१४ मध्ये मेरवान बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा वहिनी आदल्या रात्रीच गिरगावात बहिणीकडे मुक्कामाला गेल्या, पहाटे रांगेत उभ्या राहिल्या, केक घेतला आणि कागदावर लिहिलं, "शेवटचा." थोड्याच दिवसांत मेरवान पुन्हा उघडलं. वहिनी पुन्हा गेल्या. दुसऱ्या कागदावर लिहिलंय, "शेवटच्यानंतरचा. तसाच."

पुण्यातल्या बेकरीत त्यांच्याबरोबर रांगेत उभं राहणं ही मात्र शिक्षा आहे. ईस्ट स्ट्रीटवर कयानीसमोर त्यांचा पेशंट भेटला नाही असं होत नाही. समोरचा माणूस श्रूजबेरीची दोन पाकिटं पोटाशी धरून वळतो, वहिनी दिसतात, आणि चेहरा उतरतो. "पाहुण्यांसाठी," तो म्हणतो. त्याच्या मागची बाई मावा केक घेऊन वळते. तिच्याकडेही पाहुणे. पुण्यात सकाळी बेकरीतून निघणारा सगळा माल पाहुणे खातात. हे पाहुणे उतरतात कुठे, आणि पुणेकर एरवी पाहुण्यांना चहा विचारताना एवढा विचार का करतात, याचा कुणीतरी शोध घ्यायला हवा.

वहिनींना राग येतो तो या पाहुण्यांचाच. केक खाल्ल्याचा नाही, पाहुण्यांवर ढकलल्याचा. आणि त्याहून मोठा राग 'हेल्दी' केकचा. नाचणी आणि गूळ घातला, वर भोपळ्याच्या बिया पेरल्या आणि दुप्पट किंमत लावली की लोक अपराध न वाटता चार खातात. गूळ काय, साखर काय, ग्रॅमला चारच्या आसपासच कॅलरी. खारीचंही तेच. हातात हलकी लागते म्हणून आपण आजाऱ्याला चहाबरोबर खारी देतो. पण ते पदर सुटावेत म्हणून मैद्याच्या निम्म्याच्या घरात स्निग्ध लाटलेलं असतं. माझी सकाळची खारी त्यांनी बंद केली ती यावरून. ते मी अजून विसरलेलो नाही.

मध्यंतरी आमच्याच रस्त्यावर एका जिममध्ये एक कोच आला. पिळदार दंड, गळ्यात माइक, आणि तोंडी एकच शब्द, विष. साखर विष, मैदा विष, दूध विष, दुपारनंतर केळं विष. उतारा म्हणून त्याच्याचकडे डब्यातली पावडर मिळते. वहिनींच्या पेशंटांपैकी बरेच जण तिकडे गेले. वहिनी कशालाच विष म्हणत नाहीत, ही त्यांची धंद्यातली उणीव. एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये कुणीतरी उभं राहून विचारलंच, "मॅडम, स्पष्ट सांगा, केक विष आहे की नाही?" वहिनी म्हणाल्या, "केक हा केक आहे. केक म्हणून खा, आवडला तर खा, आणि मग जेवताना त्याचा हिशेब धरा." हॉल नाराज झाला. लोक फी देतात ती घाबरवण्याची; हिशेब काय, घरीही करता येतो.

एवढं वाचून तुम्हाला बाईंबद्दल आपुलकी वाटू लागली असेल तर ती तुमची जबाबदारी. माझं मत जरा बदललं ते एका रविवारी. त्या दिवशी बरोबर एक मुलगी होती, कॉलेजातली. मनगटं इतकी बारीक, की घड्याळ कोपराकडे घसरत होतं. हातात फोन, फोनमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप. ही कोण, का आली, मला कुणी सांगितलं नाही. वहिनींनी एकच कपकेक घेतला आणि तिच्या हातात दिला. "खाऊ नकोस. नुसता कागद काढ." तिने काढला. उजेडाकडे धरला. वहिनी विचारत गेल्या, डाग कुठे आहे, चिकटलाय का, फाटला का. मुलगी उत्तरं देत गेली, आधी परीक्षेतल्यासारखी, मग जरा रस घेऊन. फोन टेबलावर उलटा पडला होता. बऱ्याच वेळाने तिने कडेचा एक तुकडा मोडला आणि बोलता बोलता तोंडात टाकला. वहिनी बघत नव्हत्या. समोर जिलबी दिसली तरी टक लावणारी ही बाई त्या वेळी भिंतीवरची दरपत्रिका वाचत बसली होती.

त्या मुलीने कित्येक महिने धड जेवण घेतलं नव्हतं, पाळी थांबली होती, मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार चालू होते आणि वहिनी त्यांच्या सांगण्यावरून तिला सांभाळत होत्या, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी केकच्या किमतीवरून बडबड केली नसती. अशा मुलीला 'विष' हा शब्द ऐकवणारे रस्त्यारस्त्यावर आहेत. आत काय काय आहे ते सगळं बघ आणि तरीही खा, हे सांगणारी मला एकच माहीत आहे, आणि ती माझी खारी बंद करून बसली आहे.

मुलगी आता बरी आहे. अधूनमधून रविवारी येते. आली की तिचा अख्खा असतो, माझा पावच.

तेव्हा वाचकांना एक विनंती. डाएटवहिनींचे आभार मानायचे असतील तर जरूर माना, पण दिवाळीत नाचणी-गुळाचे कपकेक पाठवू नका. मागच्या वर्षी कुणीतरी डझनभर पाठवले होते. कागद तपासून त्यांनी ते सगळे वर माझ्याकडे पाठवून दिले, आणि आमच्याकडे तेव्हा पाहुणे नव्हते.