अ‍ॅनाकोंडा : एक प्राणिशास्त्रीय नोंद

हिरवा अ‍ॅनाकोंडा हा दक्षिण अमेरिकेतील बिनविषारी साप. तो भक्ष्याला विळखा घालून मारतो आणि एकदा पोट भरले की कित्येक आठवडे सुस्त पडून राहतो. निसर्गाची ही ढिलाई हॉलिवूडने १९९७ साली दूर केली. ‘अ‍ॅनाकोंडा’ चित्रपटातला साप किंचाळतो आणि पुन्हा भूक लागावी म्हणून गिळलेला माणूस ओकतो. त्याच चित्रपटात एक धबधबा खालून वर वाहतो. गुरुत्वाकर्षणानेही दिग्दर्शकाचा मान राखावा, हे स्तुत्यच. २००४च्या पुढच्या भागात हे साप बोर्निओत आढळले. तिथे अ‍ॅनाकोंडा ठेवायचे निसर्गाच्या हातून राहून गेले होते.

२०२५च्या ‘अ‍ॅनाकोंडा’ चित्रपटात काही मित्र १९९७च्या त्याच चित्रपटाची नवी आवृत्ती काढायला अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जातात. चित्रीकरण ऑस्ट्रेलियात झाले. या प्रगतीच्या वेगाने पुढच्या आवृत्तीत नदी लागणार नाही आणि त्यापुढच्या आवृत्तीत सापही.

एकदा गिळलेले ओकून तेच पुन्हा गिळणारी जात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात आढळत नाही. तिचा अधिवास लॉस एंजेलिस आहे.