दवणा लावावा कसा: नवशिक्यांसाठी

दवणा लावण्याआधी एक गोष्ट मनाशी ठरवून टाकावी. आपल्याला झाड हवं आहे की झाडाची सेवा केल्याचं पुण्य? पुण्य हवं असेल तर गुलाब घ्यावा. त्याची सेवा कितीही केली तरी त्याला कमीच पडते. दवण्याला मात्र सेवा बाधते.

साहित्य: पसरट कुंडी, तिच्या बुडाला भोक (दुकानदार 'आहे' म्हणाला तरी उलटी करून पाहावी), भुसभुशीत माती, थोडं मुरलेलं शेणखत, मूठभर वाळू आणि याच वर्षीचं बी. बी जुनं निघालं तर बाकीचं साहित्य जपून ठेवावं, पुढच्या वर्षी लागेल. दवण्याचं बी फार दिवस जीव धरून राहत नाही.

मुहूर्ताचं अवघड आहे. चैत्रात कोल्हापूरजवळ जोतिबाच्या डोंगरावर गुलालाबरोबर दवणा वाहतात, बाजारात जुड्या येतात, वास नाकात बसतो आणि माणसाला वाटतं, आपणही लावावा. नेमकी तीच वेळ चुकीची. ही इच्छा पुढचे सहा महिने दाबून धरावी. ज्यांना धीर धरवत नाही ते जूनमध्ये पेरतात आणि पावसात कुजलेली रोपं बघत बसतात. पाऊस सरून हवेत गारवा आला, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, की पेरणी करावी.

बी इतकं बारीक असतं की शिंक आली तर पेरणी उरकली असं समजावं. म्हणून ते वाळूत कालवून ओलसर फडक्यात दोन दिवस बांधून ठेवतात. मोड दिसू लागले की कुंडीत पसरावं आणि वर मातीचा अगदी पातळ हात फिरवावा. पाणी झारीने, तेही बारीक भोकांच्या. तांब्याने ओतलं की सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन ग्रामसभा भरवतं.

खरा घात पुढे होतो. कोवळं रोप बुंध्याशी मऊ पडतं आणि मान टाकतं. नवशिक्याला वाटतं, तहानलंय. तो आणखी पाणी घालतो. प्रत्यक्षात रोप पाण्यानेच कुजत असतं. बोटाचं एक पेर मातीत घालून पाहावं, ओल लागली तर झारी खाली ठेवावी आणि दुसऱ्या खोलीत जावं. ऊन मात्र भरपूर द्यावं. रोपं वीतभर व्हायच्या आतच, साधारण दीड महिन्यात, सुटी करून लावावीत.

आता बंदोबस्त. दवण्याची पानं करडी-हिरवी, बारीक कातरलेली. सोसायटीच्या माळीमामांना ती गाजरगवतासारखी दिसतात, आणि गाजरगवत दिसेल तिथे उपटायचं हे त्यांना कुणीतरी नीट शिकवलेलं असतं. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या, त्यामुळे मामांना फार दोष देता येत नाही. कुंडीला पाटी लावावी. तिच्यावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहू नये, 'उपटू नये' एवढंच लिहावं.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बारीक पिवळे गेंद लोंबू लागतात. घरात काहींना ते दिसतच नाहीत. 'फुलं कधी येणार?' असं विचारत राहतात. त्यांच्या हातावर पान चुरडून द्यावं. याच दिवसांत कुणीतरी अत्तराचा धंदा सुचवतो. दवण्याच्या तेलाला मागणी खरंच आहे, परदेशातही. पण हेक्टरभर पीक गाळलं तर तेल निघतं जेमतेम दहा-पंधरा किलो. दोन कुंड्यांचा हिशेब सुचवणाऱ्यालाच करू द्यावा.

कापणी फुलावर असताना करावी. वाळला तरी वास जात नाही, त्यामुळे कपड्यांच्या कपाटातही ठेवता येतो. मात्र चैत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू 'अगं, दोनच काड्या दे गं' म्हणत येतील. दवण्याच्या बाबतीत 'दोन काड्या' हे मोजमाप कुठल्याही कोष्टकात बसत नाही. म्हणून बी धरण्यासाठी एक रोप आधीच गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे लपवून ठेवावं. टाकीची सावली त्याच्यावर पडत नाही ना, तेवढं पाहावं.