ठिपकेवाले भाऊ

मे महिन्यात नागपुरात भाऊंच्या गाडीत कुणी बसत नाही. असे भाऊ तुमच्याही कॉलनीत असणारच: रिटायर ओव्हरसिअर, पांढरी गाडी, आणि ती आतून गार ठेवायची ती स्वतःच्या हातानं.

भाऊंच्या हातात कायम पिस्तूल, तापमान मोजायचं. आधी करोनातलं कपाळाला धरायचं यंत्र त्यांनी डॅशबोर्डवर रोखलं. ते पडलं तापाचं. त्रेचाळीसच्या आतच ‘हाय’ म्हणून मोकळं. मग हे लाल ठिपक्याचं आणलं. स्टिअरिंग ६४. वहिनींच्या हातची सांबारवडी ताटात पडली की आधी तिच्यावर ठिपका: ७१, “थांबा जरा.” माझ्या टकलावर ३८, “टोपी घालत जा न राजेहो.” मुलाची सोयरीक जमत होती तेव्हा भावी व्याह्यांच्या बोनेटवर ठिपका मारला. व्याही बोनेटलाच टेकलेले. ठिपका सरकत त्यांच्या पोटावर गेला, आणि भाऊंनी रीडिंग मोठ्यानं वाचलं. सोयरीक जमली, हे नशीबच.

गाडीच्या छताचं लायनिंग उतरवून त्यांनी प्रथम ब्यूटाइलच्या शीट डकवल्या. पत्र्याची खडखड थांबली. धग तशीच, कारण तो माल आवाज मारायचा. मग चांदीच्या कागदाचा फोम, पत्र्याला घट्ट चिकटवून. चकाकीपुढे हवेची फट नसेल तर ती चकाकी फुकट, म्हणून पुन्हा सगळं खाली. या उतरवाउतरवीत क्लिपा तुटल्या. मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर आता लायनिंगचा पदर असतो. एवढं करून ऊन येतं मुख्यतः काचांतून, आणि काचांवरच्या काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टानं २०१२ सालीच बंदी घातलेली.

गल्लीत तेव्हा कडुनिंब होता. म्हटलं, त्याखाली लावा की. “सावलीत लावली तं रीडिंग कायचं घेऊ राजेहो?”

उरलेल्या फोमचं मात्र सांगायलाच हवं. शाळेच्या व्हॅनच्या टपाला आतून तो भाऊंनी लावून दिला, फट राखून, खिडक्यांच्या जाळ्यांसकट. पैसे घेतले नाहीत. एप्रिलच्या परीक्षांत पोरं दुपारी व्हॅनमधून उतरताना रडायची, ती आता रांग लावून तळहातावर ठिपका मागतात. भाऊ प्रत्येकाचं रीडिंग वेगळं सांगतात. निम्मी रीडिंगं बनावट असावीत.

पुढे सिमेंटचा रस्ता आला आणि कडुनिंब गेला. आम्ही गॅलरीतून पाहिलं, धुळीबद्दल कुरकुर केली. भाऊंनी आदल्या दुपारी तीनला झाडाखालच्या मातीवर ठिपका मारून ठेवला होता: ४१. रस्ता झाल्यावर त्याच जागी, त्याच वेळेला: ५८. दोन्ही आकडे कागदावर लिहून ते रस्त्याच्या साहेबांना देऊन आले. साहेबांनी विचारलं, पिस्तूल केवढ्याला पडलं?

तुमच्या गल्लीत रस्ता व्हायचा असेल तर झाड उभं आहे तोवर भाऊंना बोलवा. येण्याजाण्याचे पैसे घेत नाहीत. चहा तेवढा साठच्या खाली आणून द्या.