सागवानी आप्पा

जुन्या पनवेलात आप्पांच्या घरी पहिल्यांदाच गेलेला माणूस संडासातून जरा गोंधळूनच बाहेर येतो. आत फ्लशच्या साखळीच्या वर पत्र्याची पाटी ठोकलेली आहे: विनाकारण साखळी ओढणाऱ्यास दंड होईल. बाहेरच्या खोलीत भिंतीला डब्यातला सामानाचा रॅक, त्यावर काकूंच्या लोणच्याच्या बरण्या. खिडकीला लाकडी झडप. ती वर सरकवायची आणि खटका दाबायचा. बोट चेमटलं तर आप्पा म्हणतात, "होते सवय." हे सगळं भंगारवाल्याकडून रीतसर विकत घेतलेलं आहे आणि त्याच्या पावत्या आप्पा पाहुण्याला चहाच्या आधी दाखवतात. रेल्वेत हयात घालवलेल्या माणसाच्या घरी रेल्वेचं सामान दिसलं की लोक काय समजतात, ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आप्पा माटुंग्याच्या कारखान्यात सुतार होते. जीआयपी रेल्वेने 1915 साली डबे दुरुस्तीसाठी काढलेला हा कारखाना. आप्पा लागले तोवर लाकडी डब्यांचे दिवस सरत आले होते. मद्रासेला पेरांबूरच्या कारखान्यातून 1955 पासूनच पोलादी डबे बाहेर पडत होते. पण जुने मिस्त्री होते. त्यांच्या हाताखाली आप्पा सागवान शिकले, आणि पुढे हाताखाली प्लाय आणि पत्रा आला तरी डोक्यातलं सागवान काही निघालं नाही. भाषासुद्धा तिथलीच. मोतीबिंदू काढून घरी आले तेव्हा म्हणाले, "पीओएच झालं," म्हणजे डब्याची मुदतीतली मोठी दुरुस्ती. गुडघा बदलला तेव्हा बोगी बदलली. काकूंना ताप आला की हॉट ॲक्सल, आणि त्या दिवशी सकाळचा चहा का नाही, असं विचारलं तर उत्तर, "घर सिक लाइनला आहे," म्हणजे नादुरुस्त डब्यांच्या रुळावर. बाकी जगात जे काही त्यांना आवडत नाही ते कंडम.

लाकूड दिसलं की ते बोटाच्या पेरांनी वाजवायचं, मग नाक लावून हुंगायचं, ही खोड. पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. मुलगा चांगला, माणसं चांगली, कांदेपोहेही चांगले. मुलाचे वडील शोकेस दाखवत म्हणाले, "अस्सल सागवानी, खास करून घेतलंय." आप्पा उठले. टकटक केलं. खाली वाकून कडेला बघितलं आणि यजमानांच्या खांद्यावर हात ठेवून, एखाद्याच्या घरी दुःखद प्रसंग घडलाय अशा आवाजात म्हणाले, "सनमायका आहे हो." लग्न झालं म्हणा. पण व्याही अजून आप्पांना त्या खोलीत बसवत नाहीत.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की बारा-एक किलोमीटरवर कर्नाळा. लोक तिथे अभयारण्यात पक्षी बघायला जातात, दमदार असतील ते किल्ल्याच्या सुळक्यापर्यंत चढतात. आप्पांबरोबर गेलं की कर्नाळासुद्धा रेल्वेच्या हद्दीत येतो. वाटेतलं शिरढोण म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. आपण क्रांतिकारकाच्या आठवणीने गप्प होतो न होतो तोच आप्पा म्हणतात, "आधी जीआयपीत होते नोकरीला." खंड्या दिसला तर, "हा रंग बघ. 1930 साली डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिच्या एका गाडीला असाच निळा होता, वर सोनेरी रेघ. दुसरी चंदेरी, लाल पट्टीची." तोवर खंड्या गेलेला असतो.

पुढे आपटा स्टेशन. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट तिथे चित्रित झाला, म्हणून अजून पोरंपोरी फोटो काढायला येतात. आप्पांनी तो सिनेमा पुष्कळदा पाहिलाय, पण त्यांचं म्हणणं असं की लोक नको तिथे बघतात. "ती धावतेय, तो हात पुढे करतोय, ते ठीक. पण त्याने दुसऱ्या हाताने धरलंय काय? दाराची दांडी. ती ज्याने बसवली त्याचं नाव कुठे येतं का?"

त्यांचं खरं देऊळ मात्र नेरळला. नेरळ-माथेरानची छोटी गाडी 1907 साली पीरभॉय घराण्याने स्वतःच्या पैशांनी उभी केली. रुळांमधलं अंतर दोन फूट, लांबी एकवीस किलोमीटरच्या आसपास, आणि वळणं अशी की साध्या इंजिनाची चाकं वळणारच नाहीत. म्हणून जर्मनीहून खास सरकत्या आसांची चार इंजिनं आणली होती. त्यातलं एक फिरत फिरत विलायतेला पोचलं, याचा आप्पांना अभिमान आहे की राग, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलेलं नाही. माथेरानला जाताना सगळा डबा दरीकडे बघत असतो, आप्पा छताकडे. जुम्मापट्टीला गाडी थांबली की खाली उतरून डब्याच्या पोटाखाली डोकं घालतात. गाडी सुटायची वेळ झाली तरी बाहेर त्यांचे फक्त पाय दिसत असतात. 2019च्या पावसात मार्ग वाहून गेला आणि नेरळहून माथेरानला जाणारी गाडी 2022च्या ऑक्टोबरापर्यंत बंद राहिली, तेवढा काळ आप्पांनी माथेरानचं नावसुद्धा काढलं नाही. काकूंनी एकदा सहज सुचवलं, टॅक्सीने जाऊन येऊ या का? आप्पा दिवसभर बोलले नाहीत.

भाचीने त्यांना इंग्लंडला नेलं होतं. लंडन दोन तासांत आटोपलं. मग ससेक्समध्ये ब्लूबेल रेल्वे. ही गाडी 1960पासून हौशी लोकांनी चालवलेली. तिथे शेतात खुराडी होऊन पडलेले, कुणाचं घर, कुणाची कोठी झालेले शंभर वर्षांचे डबे उचलून आणतात आणि म्हातारी माणसं बिनपगारी वर्षानुवर्षं ते दुरुस्त करत बसतात. हॉर्स्टेड केन्सच्या शेडमध्ये असाच एक गोरा म्हातारा दाराला पॉलिशकागद मारत होता. आप्पांचं इंग्रजी कारखान्यातलं, म्हाताऱ्याचं खेड्यातलं. आप्पांनी दार वाजवलं, हुंगलं आणि म्हणाले, "बर्मा." म्हातारा म्हणाला, "बर्मा." पुढचा बराच वेळ एवढ्याच संभाषणावर दोघांनी मिळून ते दार घासलं. भाची बाहेर गारठून गेली.

आता हे असं वेड पनवेल तालुक्यात वाया कसं जाणार? कर्नाळ्याच्या अलीकडे एका शेठने रिसॉर्ट काढलंय. हल्ली जुन्या डब्यात हॉटेल काढायची टूम आहे, म्हणून शेठने लिलावातून छोट्या गेजच्या एका डब्याचा लाकडी सांगाडा मिळवला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आप्पांना बोलावलं. शेठचं म्हणणं सोपं होतं: गणपतीत आणलाय, दिवाळीला चालू करायचा. रंग मारा, एसी बसवा, झालं.

आप्पा डब्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "घाई कोणाला आहे?"

इथून पुढची हकिगत शेठ सांगतो तेव्हा त्याचा गळा दाटून येतो. आप्पांनी पहिला आठवडा रंग मारायचा सोडून काढण्यात घालवला. पातं घेऊन दाराचा तळहाताएवढा तुकडा खरवडायचा: वर चॉकलेटी, खाली लाल, त्याखाली हिरवट, त्याखाली पिवळसर लांबी, मग लाकूड. प्रत्येक थर दिसला की शेठला हाक. शेठ धावत यायचा, आता तरी काही झालं असेल या आशेने, आणि आप्पा म्हणायचे, "बघ, स्वातंत्र्याच्या आधीचा असणार." छपरावर शेठला पत्रा टाकायचा होता. आप्पांनी फळ्यांवर कॅनव्हास ताणला आणि त्यावर सफेत्याचे हात दिले, कारण पूर्वी तसंच करायचे. कुजलेला खांब अख्खा बदलायला नाही म्हणाले. कुजकं तेवढंच कापून त्यात नवा तुकडा कुसू करून बसवला आणि त्याला जुन्यासारखा रंग द्यायलाही नकार दिला. "नवा तुकडा नवा दिसू दे. फसवायचं कोणाला?" पितळी स्क्रू बसवले, सगळ्यांच्या खाचा उभ्या. एक आडवा राहिला होता तो शोधायला बॅटरी घेऊन रात्री परत आले.

दिवाळी गेली. होळी गेली. झडपा तयार झाल्या तेव्हा पाऊस लागला आणि कर्नाळ्याचा पाऊस काय सांगावा, लाकूड फुगून सगळ्या झडपा घट्ट बसल्या. शेठ हताश. आप्पा मात्र खूश: "एक पावसाळा खाऊ दे त्याला. मग रंधा मारू." एसीचा विषय निघाला की ते शेठकडे अशा नजरेने बघायचे की त्यानेच विषय सोडून दिला. वर, सागवानाला वाळवी सहज लागत नाही हे त्याला इतक्यांदा ऐकावं लागलं की आता तोच ते गिऱ्हाइकांना सांगतो.

कारण डबा चालू झालाय. चालतोही झकास. आप्पा बिनबोलावता रोज दुपारी गार्डाच्या ऐटीत दाराशी बसतात. कुणी गरम मिसळीची ताटली थेट लाकडावर ठेवली की उठून खाली पुठ्ठा सरकवतात. मुलांना झडप उघडायला शिकवतात. त्यांचं बोट चेमटलं तर काय म्हणतात ते वर आलंच आहे. शेठने एकदा पैशाचं पाकीट पुढे केलं, तर आप्पांनी त्यातून पॉलिशकागदाचे पैसे मोजून घेतले आणि पावती दिली.

भांडण झालं ते दारावरच्या अक्षरांवरून. शेठला हवं होतं ‘पहिला वर्ग’. आप्पा म्हणाले, बाकाखाली बघ, गादीच्या खिळ्याचं एक भोक नाही. नुसत्या फळ्या होत्या. हा तिसरा वर्ग आहे. शेठ म्हणाला, "आप्पा, तिसरा वर्ग सरकारने 1974 सालीच बंद केला! आणि तिसऱ्या वर्गात बसून सहाशे रुपयांची थाळी कोण खाईल?" आप्पांनी शांतपणे थाळीचा दर उतरवायचा सल्ला दिला. रंगारी शिडीवर ब्रश धरून उभा. त्याला दुपारी पेणला दुसरं काम होतं. दोघांचं संपेना तेव्हा त्याने आपल्या मनाने ‘दुसरा वर्ग’ लिहिलं, सामान आवरलं आणि गेला.

शेठ चिडला आणि दोन दिवसांनी विसरलाही. आप्पांनी परवा पातं काढलं आणि ‘दु’च्या उकारापासून खरवडायला सुरुवात केली. खाली आणखी एक थर लागलाय म्हणतात.