स्वस्ताईत तेरावा महिना

कुवेत शहरातून दक्षिणेकडे तासभर गाडी हाणली की खैरान येतं. इथे माणसांनी समुद्राकाठी घरं बांधली, ती कमी पडली म्हणून वाळवंटात कालवे खोदून समुद्रच घराच्या मागच्या दारी आणला. परवाच्या शुक्रवारी आम्ही चार मराठी कुटुंबं एक शॅले भाड्याने घेऊन तिथे पडलो होतो. दडपे पोहे झाले, चहा झाला आणि एकाने खडा टाकला, ‘तुझा प्लॅन कितीचा रे?’

आखातातला मराठी माणूस पगार सांगत नाही, प्लॅन मात्र कुणी न विचारताही सांगतो. चार फोन टेबलावर आले. ‘पाच दिनार,’ एक म्हणाला. लगेच दुसऱ्याने गुणाकार केला, ‘म्हणजे तेराशेच्या वर रुपये! नाशिकला आमच्या बाबांचे चार रिचार्ज होतात एवढ्यात.’ सगळे हळहळले. बाबांना ही बातमी व्हिडिओ कॉलवरून कळवण्यात आली. त्या कॉलचा डेटा अर्थातच पाच दिनारवाल्याचा.

हा गुणाकार आपला जुनाच रोग. 1961 पर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालायचा. त्या वर्षी दिनार आला तो तेरा रुपये आणि वर तिसरा हिस्सा अशा भावाने. तेव्हा तेराच्या पाढ्यावर भागत होतं. आज दिनार अडीचशेच्याही वर गेलाय. पाढा थकला, खोड गेली नाही.

मग छाती फुगवायचा कार्यक्रम. ‘जगात सगळ्यात स्वस्त डेटा आपला!’ वाक्य खोटं नव्हतं, फक्त शिळं होतं. केबल नावाच्या ब्रिटिश संस्थेने 2019 साली 230 देशांतले दर मांडले, तेव्हा एका जीबीला भारतात सरासरी 26 सेंट पडत होते आणि झिंबाब्वेत 75 डॉलर. भारत पहिला. 2022 च्या यादीत पहिला नंबर इस्राएलने नेला, पण ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओने फुकटचं जेवण वाढलं, शेजारच्या खानावळी बंद पडल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. जुलै 2024 मध्ये सगळ्या मोठ्या खासगी कंपन्यांनी ताटाचा भाव वाढवला.

ताट तरी पुरतं महिनाभराचं कुठे आहे? रिचार्ज 28 दिवसांचा. म्हणजे वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. आपल्या पंचांगात अधिक मास तीनेक वर्षांनी एकदा येतो, मोबाईल कंपन्यांच्या पंचांगात तो दरवर्षी येतो. तिकडे जावयाला तेहतीस अनारसे तरी मिळतात. इथे कंपनी स्वतःच जावई आणि अनारसे आपण तळायचे. निदान एक प्लॅन तरी 30 दिवसांचा ठेवा, असं दूरसंचार नियामक ट्रायला 2022 मध्ये आदेश काढून सांगावं लागलं. महिना किती दिवसांचा हे शिकवायला नियामक लागतो, असा आपला एकच धंदा!

आमचा गलका ऐकून शेजारच्या शॅलेतले स्वयंपाकी चाचा कुंपणाशी आले. दापोलीकडचे. आमचं मराठी ऐकून थांबले. त्यांचे मालक शनिवारी रात्री शहरात परततात. मागे राउटर चालू राहतो, चार खोल्या, एक जेटी आणि बांधलेली बोट यांना पाच दिवस भरपूर वायफाय मिळतं. चाचांकडे पासवर्ड नाही. ते स्वतःचं कार्ड भरतात.

‘चाचा, तुमचा प्लॅन कितीचा?’ आमच्यातल्या गुणाकारवाल्याने विचारलंच.

‘अडीच दिवसांचा,’ चाचा म्हणाले.

आम्हाला वाटलं मुदत सांगतायत. ते किंमत सांगत होते. कुवेतने 2016 मध्ये घरकामगारांचा किमान पगार 60 दिनार ठरवला. दिवसाला दोन. पाच दिनार म्हणजे अडीच दिवसांचा स्वयंपाक.

एवढ्या मोलाचा डेटा ते वापरतात तोही घड्याळ लावून. गावी मुलगी आहे, तिचा रोजचा दीड जीबी संध्याकाळीच संपतो. मध्यरात्री बाराला तिला नवा मिळतो, तेव्हा इथे साडेनऊ वाजलेले असतात आणि चाचांची भांडी आवरलेली असतात. बाप-लेकीच्या बोलण्याचा मुहूर्त असा कंपनीने काढून दिलाय. मुलीची झोप मोडते, त्याचा दर कुठल्याच यादीत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाचं म्हणणं असं, की विकसनशील देशांत साधं इंटरनेट दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांत बसायला हवं. साठ दिनारांचे दोन टक्के म्हणजे एक दिनार दोनशे फिल्स. पण दरडोई काढताना बोटवाला आणि भांडीवाला एकाच पंगतीत बसवतात. तसे ते फक्त सरासरीतच बसतात.

चाचांचं माप घेऊन मी गावाकडे वळलो, तर तिथली स्वस्ताईही उघडी पडली. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला 297 रुपये. जुलै 2024 पासून जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा रिचार्ज झाला 299 रुपयांना. दिवसभर माती उपसा आणि वर दोन रुपये उसने आणा. हमी होती शंभर दिवसांची, त्यातले तेरा दिवस मोबाईलसाठी खणायचे. ज्या राज्याने 1977 साली कायदा करून देशाला रोजगार हमी शिकवली, तिथे आता एवढी एक हमी पक्की आहे: अठ्ठाविसाव्या दिवशी फोन मुका होणार.

आमच्या टेबलावरच्या कुणीही स्वतःचा प्लॅन दिवसांत मोजला नाही. आकडा मिनिटांत निघाला असता आणि हळहळायची सोय राहिली नसती.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कुणी ‘आपल्याकडे डेटा किती स्वस्त!’ म्हणालं, तर रुपये, दिनार, डॉलर काही विचारू नका. एवढंच विचारा: कुणाच्या किती दिवसांत?