थांबणारं पातं

कुंभकोणमला महामहम तळ्याकाठच्या सोळा मंडपांपैकी एकाच्या सावलीत बसून मी शहाळंवाल्याकडे पाहत होतो. बारा वर्षांतून एकदा इथे लाखो माणसं बुडी मारतात. 2016 ला मारली, आता 2028 ला मारतील. मधल्या काळात तळ्याला आणि मला काम एकच, स्वस्थ पडून राहणं. शहाळंवाल्याच्या हातात होता अरुवाळ, म्हणजे इथला कोयता. त्याचं पातं मुठीपाशी शहाण्यासारखं सरळ निघतं आणि पुढे, काहीतरी विसरल्याचं आठवावं तसं, एकाएकी पोपटाच्या चोचीगत वळतं.

त्या वळणावरून मी थेट चिपळूणला पोचलो. आजोबांच्या कमरेला आकडी असे आणि आकडीत कोयती. चालताना ती खुळखुळायची. तो आवाज ऐकला की आम्ही पोरं कैऱ्या लपवायचो. डोंगरावर साक्षात परशुरामाचं देऊळ, पण आजोबांना परशूचं फारसं कौतुक नव्हतं. कुऱ्हाड म्हणजे त्यांच्या मते वसुलीला आलेला माणूस : सगळा भार डोक्यात आणि बोलणं एकच. कोयती जुन्या कारकुनासारखी, वळसा घेईल पण काम करील. "कुऱ्हाडीला दोन्ही हात लागतात," ते म्हणायचे, "मग माड काय दातांनी धरू?" तरी म्हणी सगळ्या कुऱ्हाडीच्या वाट्याला. गोताला काळ तिचा दांडा, पायावर मारून घ्यायची तीच. कोयती बिचारी कमरेला लटकून ऐकत राहते.

देशावर मात्र कोयत्याला वेगळाच मान आहे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा माणूस अर्धा. लग्नाची इतकी कोरडी आणि इतकी खरी व्याख्या मी दुसरीकडे ऐकलेली नाही. इकडे कावेरीकाठी गावाच्या वेशीवर राखणदार देव करुप्पसामी मिशा पिळून अरुवाळ उगारतात, आणि घरात शिरावं तर विळीचं नाव 'अरुवामनै', म्हणजे पाटावर बसवलेला अरुवाळ. आपलाही शेतातला विळा घरी आला की विळी होतोच. पाती बाहेर कितीही गुरगुरोत, संध्याकाळी भाजी चिरायला मुकाट बसतात. हा कमीपणा तलवारीला जमला नाही. व्यंकोजीराजांनी उभं केलेलं तंजावरचं राज्य 1855 मध्ये खालसा झालं, तलवारी शोभेला उरल्या; अरुवाळ शहाळी सोलत राहिला.

प्रलयात वाहत आलेला अमृतकुंभ या गावी टेकला आणि शंकराने तो बाण मारून फोडला, अशी इथली कथा. अमृत सांडलं; देवालाही ते न सांडता जमलं नाही. शहाळंवाल्याने मात्र फळ तळहातावर फिरवत तीन घाव घातले, चोचीने झाकण उचललं आणि शहाळं माझ्या हाती दिलं. थेंब सांडला नाही. मी पाहत होतो तो घाव नव्हे, थांबणं. प्रत्येक वेळी पातं तळहातापासून दोन बोटांवर येऊन, ओळखीचं माणूस दिसल्यासारखं, उभं राहत होतं. आजोबांची कोयतीही अशीच थांबायची. धार दगडावर लागते, थांबणं मात्र हातालाच शिकावं लागतं. माझ्या अंगठ्यावरचा व्रण सांगेल, मी ते शिकलो नाही.

पाणी संपल्यावर त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "वळुक्कै?" मी नकळत डोक्यावरून हात फिरवला, कारण कालच मला या शब्दाचा अर्थ 'टक्कल' असा कळला होता. तो हसला आणि शहाळं दुभंगून आतली मलई दाखवली. तमिळमध्ये दोन्हींना शब्द एकच. दोन्ही गुळगुळीत, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची? मग त्याने सालीचीच एक चकती उडवून मलई खायला चमचा करून दिला, आजोबा द्यायचे तसाच, एका कडेला किंचित खोलगट.

कुऱ्हाडीने असा चमचा होत नाही.